सहा फूट चार इंचांची सायकल

चीर दिसली ती चिखल पुसताना. गेल्या वर्षीचा जुलै होता. वेताळ टेकडीवरून परत येऊन गॅलरीत सायकल उलटी करून ठेवली होती आणि जुन्या बनियनने फ्रेम पुसत होतो. सीटची नळी वरच्या दांड्याला जिथे जोडलेली असते, त्याच्या जरा खाली केसाएवढी काळी रेघ होती. आधी वाटलं वाळलेला चिखल असेल. पुसली, गेली नाही. नख फिरवलं तर नख त्यात अडकलं.

ज्या मेकॅनिककाकांकडे मी नेहमी जातो त्यांनी सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते तो, बाहेर काढला आणि मला दाखवला. त्याच्यावर एक आडवी खूण असते, किमान एवढा भाग नळीच्या आत राहिलाच पाहिजे अशी. माझी सीट त्या खुणेच्या साडेतीन सेंटिमीटर वर चढवलेली होती. ३५ सेंटिमीटरच्या पोस्टपैकी साडेसहा-सातच आत होते. माझं वजन ९४ किलो. प्रत्येक खड्ड्याला एवढं वजन त्या लांब पोस्टच्या टोकावरून खालच्या पातळ नळीला पहारीसारखं उचकटत होतं. नऊ वर्षं.

"वेल्डिंग करून देईन," काका म्हणाले, "पण दादा, त्यावर मी तुम्हाला टेकडी चढू देणार नाही. ॲल्युमिनियमला भट्टीत घालून ताकद दिलेली असते. वेल्डिंगची आच लागली की तेवढ्या जागेची ताकद जाते."

मग त्यांनी मला सीटवर बसायला लावलं, भिंतीला हात टेकवून. एक पाय खाली सोडायला सांगितला आणि गुडघ्याकडे बघत राहिले. "एवढी वर करूनही तुमचा पाय सरळ होत नाहीये. ही सायकल तुमची कधीच नव्हती."

हे वाक्य मी घरी घेऊन गेलो. माझी उंची सहा फूट चार इंच, म्हणजे १९३ सेंटिमीटर. सायकल घेतली तेव्हा दुकानात जी सगळ्यात मोठी होती ती घेतली, एल मापाची, २६ इंची चाकांची. पहिल्या वर्षापासून दोन तास चालवली की कंबर धरायची. उतारावर मनगटं दुखायची. चढावर पुढचं चाक उचललं जायचं. आणि या सगळ्याचं कारण मी माझ्यातच शोधत होतो. पोटाचे व्यायाम केले, वजन उतरवलं, दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आलो. जो तो हेच म्हणे, उंच माणसाची कंबर दुखायचीच. मीही ते मान्य करून टाकलं होतं. फ्रेम तडकली नसती तर पुढची नऊ वर्षंही मान्य केलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

गणपतीला राजापूरला गेलो तेव्हा अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे सगळं सांगितलं. अण्णांचं बाजारात चाळीस वर्षं शिलाईचं दुकान होतं. आता डोळ्यांमुळे मशीन बंद आहे, पण टेप गळ्यात नसेल तर त्यांना चुकल्यासारखं होतं. मी मोबाईलवर कंपन्यांचे तक्ते दाखवले, इतक्या ते इतक्या उंचीला हे माप. अण्णांनी चष्मा वर केला.

"फक्त उंची सांगून कुणी पँट शिवायला टाकतं का रे?"

आणि उठून त्यांनी माझं माप घेतलं. अनवाणी, भिंतीला टाच आणि पाठ लावून. दोन पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची वही उभी धरून ती वर दाबायला लावली, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढी. "श्वास रोखू नको. श्वास रोखून दिलेलं माप खोटं असतं." वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत ९४ सेंटिमीटर. तीनदा घेतलं, तीनदा ९४. मग दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत, १९७. मग बसून, जमिनीपासून खांद्यापर्यंत. जिथे गिऱ्हाइकांची उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोरी लिहायचे त्याच मापवहीत त्यांनी नवीन पान उघडलं, वर माझं नाव घातलं आणि कंसात लिहिलं, 'सायकल'.

त्या पानावरून पुढचं सगळं सुरू झालं. पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणायचं, की क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून, सीटच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिळतं. हा हिशोब १९८६, १९८९ आणि १९९० असा तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमॉन्डच्या नावाने ओळखला जातो. तो रस्त्यावरच्या सायकलींसाठीचा, पण सुरुवात करायला चांगला. माझं उत्तर आलं ८३. डोंगरी सायकलीवर सीट किंचित खाली बरी वाटते, म्हणून ८२ धरलं. माझी जुनी सीट होती ७९ वर, तीही पोस्ट खुणेच्या वर काढून. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला जी कळ यायची तिचा अर्थ तेव्हा लागला.

पण उंच माणसाची खरी अडचण सीटच्या उंचीची नसते. सीट वर काढता येते. लांब पोस्ट मिळतो, ४० सेंटिमीटरचा, त्याहून लांबही. दुकानात तेच दाखवतात. सीट वर चढवतात, तुम्हाला बसवतात आणि म्हणतात, बघा, बसतंय. पाय पुरले की सायकल पुरली असं सगळ्यांना वाटतं. मात्र फ्रेमची लांबी आणि पुढची उंची जन्मभर तीच राहते. ही दोन मापं तक्त्यात 'रीच' आणि 'स्टॅक' या नावांनी येतात. क्रँकच्या मध्यातून एक उभी रेघ वर काढायची. त्या रेघेपासून पुढे, हँडल फ्रेमच्या ज्या नळीत बसतं तिच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. क्रँकच्या मध्यापासून त्याच टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. पेडलवर उभं राहिल्यावर तुमच्या अंगाला किती जागा आहे ते रीच सांगतो, कारण उभं राहिल्यावर सीटचा संबंधच उरत नाही. आणि डोंगरात उतारावर आपण उभेच असतो.

माझ्या जुन्या सायकलीचा रीच ४१५ मिलिमीटर निघाला, स्टॅक ६००. म्हणजे उतारावर मी जवळजवळ मुडपलेला होतो, गुडघे हँडलजवळ, पाठ कमानीसारखी, डोकं पुढच्या चाकाच्या बरोबर वर. सीटवर बसलो की उलट त्रास. सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे सीट जितकी वर काढाल तितकी ती मागेही सरकते. हे कुणी सांगत नाही आणि उंच माणसाला हेच सगळ्यात महागात पडतं. कोन ७३ अंशांचा असेल आणि सीट ८२ सेंटिमीटरवर, तर सीट क्रँकच्या २४ सेंटिमीटर मागे जाते. कोन ७५.५ केला की तीच सीट साडेवीस सेंटिमीटरच मागे राहते. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे अण्णांच्या भाषेत दोन मापांचा फरक. चढावर माझं पुढचं चाक का उचललं जायचं ते या साडेतीन सेंटिमीटरमध्ये होतं. मी मागच्या चाकाच्या जवळजवळ वर बसत होतो.

काही फ्रेममध्ये सीटची नळी खाली वाकलेली असते. तिथे तक्त्यात लिहिलेला कोन एक, आणि वर काढलेली सीट ज्या कोनात मागे जाते तो दुसरा, जास्त कललेला. बेताच्या उंचीच्या माणसाला फरक पडत नाही. माझ्यासारख्याला पडतो. म्हणून कागदावरचा कोन वाचून थांबायचं नाही, फोटोवर पट्टी ठेवून नळी सरळ आहे का ते बघायचं.

चाकांबद्दल वाचताना एक गोष्ट कळली आणि मी बराच वेळ तिचाच विचार करत होतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुण डोंगर उतरायला जुन्या, जाड टायरच्या सायकली वापरत. त्या सायकलींना २६ इंची चाकं होती. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास डोंगरासाठी म्हणून फ्रेम बांधली तीही २६ इंचीच, कारण जाड टायर त्याच मापात मिळत होते. पुढे तीनएक दशकं जगभर डोंगरी सायकल म्हणजे २६ इंच हेच चालत आलं. कुणाचं शरीर मोजून ते ठरलंच नव्हतं. २९ इंची चाकाची रिम २६ पेक्षा ६३ मिलिमीटरने मोठी. सहा सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतात, पण उंच माणूस २६ वर चाकांच्या डोक्यावर बसल्यासारखा असतो आणि २९ वर दोन चाकांच्या मधोमध. दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार उतार शर्यतींतला फार मोठा खेळाडू, सहा फूट तीन इंच उंच. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमला तो २९ इंची चाकांवर उतरला आणि जिंकला. उताराच्या शर्यतीत मोठी चाकं चालत नाहीत असं तोवर समजत असत. ते वाचून मला फार बरं वाटलं.

ऑक्टोबरभर पुण्यातली दुकानं पालथी घातली. दुकानात एम आणि एल असतात. एक्सएल मागवावी लागते, आगाऊ रक्कम भरून, न बसता. एका दुकानात मी रीच विचारला तर तिथल्या मुलाने हँडल किती रुंद आहे ते सांगितलं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी विचारलंच नसणार. पण दुसऱ्या एका ठिकाणी मला एल मापाचीच सायकल 'तुमच्यासाठी हीच' म्हणून जवळजवळ गळ्यात मारली, सीट वर चढवून, आणि मी पोस्टवरची खूण दाखवल्यावर 'तेवढं चालतं' असं उत्तर मिळालं. त्या उत्तराचा मला खूप राग आला. तेवढं चालत नाही. माझी फ्रेम त्यानेच तडकली होती, आणि ती चीर उतारावर सुटली असती तर मी आज हे लिहीत नसतो.

शिवाय एक्सएल या अक्षरांना फारसा अर्थ नाही हे तक्ते शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं. एका एक्सएलचा रीच ४४५, दुसऱ्याचा ४९५. पाच सेंटिमीटरचा फरक, आणि दोन्हींवर शिक्का एकच. मी मापवहीच्या त्या पानासारखंच एक पान केलं. रीच, स्टॅक, सीटचा कोन, सीटच्या नळीची लांबी, मागच्या दांड्याची लांबी. बाकी रंग, गिअर, किंमत सगळं नंतर. मागच्या दांड्याची, म्हणजे क्रँकपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची लांबी मुद्दाम घेतली, कारण कित्येक कंपन्या एस मापाला आणि एक्सएलला तोच दांडा लावतात. पुढची लांबी वाढते, मागची तीच राहते, आणि उंच माणसाचं वजन पुन्हा मागे पडतं. ४३५ ते ४४५ मिलिमीटरमधला असेल तर चालेल असं ठरवलं.

मला सायकल तीन तऱ्हांच्या वाटांवर चालवायची होती. पहिली वेताळ टेकडी आणि आसपासच्या टेकड्या. तिथे काळा कातळ, मध्ये मध्ये गुडघाभर पायऱ्या, आणि त्यावर पसरलेला मुरूम, जो वळणावर वाटाण्यांसारखा चाकाखालून सरकतो. दुसरी सासवडकडची शेतांमधली काळी माती. ती कोरडी असताना रस्त्यासारखी पळते आणि पाऊस झाला की टायर आणि दांड्याच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. तिसरी गावचा जांभ्याचा सडा. भोकाभोकांचा, धारदार, उन्हाळ्यात टायरला घट्ट धरणारा आणि पावसात शेवाळाने काचेसारखा. या तिन्हींना एकच उत्तर नाही. टेकडीला जाड टायर हवा, काळ्या मातीला टायर आणि फ्रेममध्ये मोकळी जागा हवी, सड्याला टायरच्या कडेची जाडी हवी. मी पुढे २.५ आणि मागे २.३५ इंच रुंदीचा टायर असा मध्य काढला.

बसून बघायला मिळालं ते दोन ओळखींमुळे. एका मित्राची एल मापाची नव्या धाटणीची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल होती, रीच ४६५. ती दोन सकाळी टेकडीवर नेली. आणि मुळशीकडे राहणाऱ्या एका सहा फूट दोन इंची गृहस्थांनी त्यांची एक्सएल फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, अर्धा दिवस दिली, रीच ५००. अनोळखी माणसाला दीड-दोन लाखांची सायकल हातात देणं सोपं नसतं. त्यांनी दिली, वर चहा पाजला.

टेकडीवर एक कातळाची पायरी आहे, माझ्या गुडघ्याला येईल एवढी. जुन्या सायकलीवर मी ती नऊ वर्षांत किती वेळा उतरलो असेन कोण जाणे, आणि दर वेळी तेच. पुढचं चाक कडेवरून सुटलं की माझं डोकं त्याच्याबरोबर खाली जायचं, वर काढलेली सीट पोटात ढुशी मारायची, मी मागे सरकायला बघायचो तर सीट आडवी यायची आणि हात ताठ होऊन जायचे. खाली पोचेपर्यंत श्वास अडकलेला असे. मित्राच्या एल सायकलीवर सीट खाली करून तीच पायरी उतरलो. पुढचं चाक कडेवरून सुटलं. मी वाट बघत होतो त्या झटक्याची. चाक खाली गेलं, हँडल खाली गेलं, आणि मी मात्र होतो तिथेच होतो, दोन्ही चाकांच्या मध्ये, पेडलवर उभा. कोपरं वाकली आणि परत सरळ झाली. मागचं चाक उतरलं तेव्हा मला ते फक्त टाचांमध्ये कळलं. मी सायकल फिरवून वर आलो आणि परत उतरलो. चार वेळा उतरलो. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा थांबून बघत होते, त्यांना वाटलं माझं काही हरवलंय.

तीही सायकल मला लहानच होती हे नंतरच्या सपाट वाटेवर कळलं, गुडघे कोपरांना लागत होते तेव्हा. म्हणजे हवं होतं याच्या पुढचं माप. मुळशीची ५०० रीचची सायकल उतारावर सुरेख होती, पण स्टॅक ६४० आणि हँडल सपाट, त्यामुळे सीटवर बसून चढताना मी पुन्हा ओणवा झालो आणि तासाभरात कंबरेने आठवण दिली. लांबी मिळाली तरी पुढची उंची मिळाली नाही तर उंच माणसाचं अर्धंच काम होतं. ही गोष्ट मला कुठल्याच तक्त्याने सांगितली नव्हती, कंबरेने सांगितली.

फुल सस्पेन्शन की हार्डटेल हा प्रश्न मी पैशांवर सोडवला. माझ्या हातात सव्वा लाख होते. तेवढ्यात फुल सस्पेन्शन घेतली तर शॉकअप आणि ब्रेक हलके मिळणार, आणि माझ्या वजनाला ते पुरणार नाहीत. त्याच पैशात हार्डटेल घेतली तर फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, चांगला येतो. फोर्क हवेचाच घ्यायचा हे आधी ठरलं होतं. स्प्रिंगच्या फोर्कवर जी फिरवायची गुंडी असते तिने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबलेली राहते. ९४ किलोचा माणूस आणि ६० किलोचा माणूस एकाच स्प्रिंगवर बसतात, आणि माझा जुना फोर्क प्रत्येक पायरीला तळाला आपटायचा तो त्यामुळे. हवेच्या फोर्कमध्ये वजनाप्रमाणे दाब भरता येतो. पुढचा ब्रेक डिस्क १८० मिलिमीटरची, मागच्या चाकाला ३२ आरे, चाकांचे आस जाड, आरपार जाणारे. वजनदार माणसाने या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत, बाकी गिअर दहा असोत की बारा.

शेवटी जी मागवली तिचा रीच ४९०, स्टॅक ६५५, सीटचा कोन ७५.५, सीटची नळी ४८ सेंटिमीटर, फोर्क १३० मिलिमीटर दबणारा. आगाऊ रक्कम भरून सात आठवडे वाट पाहिली. डिसेंबरच्या शेवटी आली. खोकं उघडून मेकॅनिककाकांनीच जोडली. पहिलं काम त्यांनी हे केलं की सीटपोस्ट काढून टाकला. सोबत आलेला ३५ सेंटिमीटरचा होता. माझ्या ८२ ला सीटची नळी आणि सीटची जाडी वजा केली की तीसेक सेंटिमीटर बाहेर राहणार, आत उरणार पाच. म्हणजे नव्या सायकलीवर परत तीच चूक, थेट कारखान्यातूनच. त्या जागी खाली-वर होणारा ड्रॉपर बसवला, २०० मिलिमीटरचा. सीटची नळी बेताची आणि पाय लांब, म्हणून एवढा मोठा ड्रॉपर बसतो. लांब पायांचा हा एक फायदा आहे. हँडलही बदललं, ४० मिलिमीटर वर उचललेलं घेतलं. जुन्या सायकलीवर हँडल सीटपेक्षा अकरा सेंटिमीटर खाली असायचं, आता सीट तीन सेंटिमीटर वर गेलेली असूनही फक्त सहा खाली आहे.

पहिले तीन आठवडे मला ती वळवता येईना. जुनीपेक्षा चाकांमधलं अंतर पंधरा सेंटिमीटर जास्त आणि पुढचा फोर्क जास्त कललेला. टेकडीवरच्या अरुंद वळणावर पुढचं चाक बाहेरच्या गवतात जायचं. मुरमावर दोनदा घसरलो, कोपर सोललं. शंका आली की चूक तर झाली नाही ना, फार लांब तर घेतली नाही. मग लक्षात आलं की लहान सायकलीवर तोंडावर पडू नये म्हणून मागे सरकून बसायची सवय अंगात मुरली होती, आणि लांब सायकलीवर मागे सरकलं की पुढच्या चाकावर वजनच उरत नाही. छाती हँडलच्या वर आणायची, कोपरं बाहेर काढायची, वळणाच्या आधी नव्हे, वळणात. ही सवय बदलायला जानेवारी गेला. ज्यांना कधीतरी मोठं माप मिळेल त्यांनी तेवढा वेळ द्यावा, लगेच परत करायचा विचार करू नये.

टायर ट्यूबलेस केले आणि आत भोकं बुजवणारा चीक भरला तो बाभळीमुळे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मागच्या टायरमधून अकरा काटे काढले. प्रत्येक काट्याच्या भोकातून पांढरा थेंब यायचा आणि फुगून थांबायचा. चाकात हवा तशीच. हाच प्रसंग जुन्या ट्यूबवर असता तर घरी चालत यावं लागलं असतं.

शिमग्याला सायकल राजापूरला नेली. पहाटे सड्यावर गेलो. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं कातळशिल्प आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. आसपास बिनकुंपणाची, अजून पुरती न मोजलेली शिल्पंही असतात, म्हणून सड्यावर मी फक्त मळलेल्या बैलगाडीच्या वाटेनेच चालवतो, उघड्या कातळावर चाक घालत नाही. जांभ्याच्या धारेवर पुढचा टायर २२ पीएसआय, मागचा २५. त्याहून कमी केला तर रिम दगडाला लागते. क्रँक १७५ मिलिमीटरची आली होती, ती दोनदा दगडाला लागली आणि पेडलचा कोपरा उडाला. १७० ची घ्यावी का, हे अजून ठरत नाहीये. लांब पायाला लांब क्रँक हे ऐकायला बरोबर वाटतं, पण सड्याच्या दगडाला माझ्या पायाच्या लांबीशी काय देणंघेणं.

चार तासांनी घरी आलो. अण्णा पडवीत बसले होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवायला लावली, ड्रॉपर पूर्ण वर करायला सांगितला आणि गळ्यातल्या टेपने क्रँकपासून सीटपर्यंत मोजलं. साडेएक्क्याऐंशी आलं. अर्धा सेंटिमीटर खाली सरकलं होतं. त्यांनी कपड्यावर खुणा करायचा निळा खडू आणला, मी पक्कड घेऊन बरोबर केलं, आणि नळीला लागून पोस्टवर त्यांनी खडूची बारीक रेघ मारली. मग मापवहीतल्या त्या पानावर ८२ च्या पुढे तारीख घातली. माझ्या कंबरेबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी न टेकता उंबऱ्यावर बसून बूट काढत होतो ते ते बघत होते.

पुण्यात एक्सएलवर बसून बघायला मिळत नाही ही अडचण मी चार महिने भोगली आहे, म्हणून आता माझी सायकल त्यासाठी मोकळी ठेवली आहे. रविवारी सकाळी सहा ते साडेसातपर्यंत मी टेकडीवर त्या कातळाच्या पायरीपाशी असतो. त्यानंतर फिरणाऱ्यांची गर्दी वाढते आणि वाटेवर पहिला हक्क त्यांचा, म्हणून मी निघतो. आजवर तिघे येऊन गेले. गेल्या रविवारी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, सहा फूट दोन इंच, २६ इंची सायकलीवर, सीट खुणेच्या वर. आधी त्याची सीट खाली घेतली. मग पिशवीतून टेप काढला, अण्णांनी दिलेला, त्याला झाडाला पाठ लावून उभं केलं आणि सांगितलं, श्वास रोखू नको.